रोमात कोण, चावडीवर कोण

मराठी संकेतस्थळांवर वावरलेल्या माणसाला 'रोमात असणं' समजावून सांगावं लागत नाही. नुसतं वाचायचं, लिहायचं नाही, आपण इथे आहोत याचा कुणाला पत्ताही लागू द्यायचा नाही. 'रीड ओन्ली मोड'च्या आद्याक्षरांना सप्तमीचा प्रत्यय लागला आणि शब्द रुळला. गंमत म्हणजे जपानी आंतरजालावरही हाच शब्द आहे. तिथे तो 'रीड ओन्ली मेंबर'वरून आला आणि त्याचं चक्क क्रियापद झालं: 'रोमुरू'. नव्या माणसाने काही अडाणी प्रश्न विचारला, की जुने लोक त्याला सुनावतात, 'हान्तोशी रोमुरे'. म्हणजे अर्धं वर्ष नुसता वाच.

जपानीत रोम ही उमेदवारी आहे. सहा महिने वाचलंस की इथली रीत कळेल, मग बोल. मराठीत ती कबुली असते: 'गेली चार वर्षं रोमात होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या, चूभूद्याघ्या.' हिशेबाच्या कागदाखाली लिहायचं 'चूकभूल द्यावी घ्यावी' इथे लेखाखाली येऊन बसलं, कारण लिहिणं म्हणजे काहीतरी देणं अंगावर घेणं, अशी आपली भावना असते.

संकेतस्थळं वापरायला किती सोपी आहेत याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००६ साली मांडलेला ढोबळ ठोकताळा प्रसिद्ध आहे. ऑनलाइन समूहात दर शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि एक जण बाकीचं सगळं लिहितो. थोड्याफार फरकाने हे सगळीकडे लागू पडतं, त्यामुळे 'आपली माणसं लिहीतच नाहीत' ही तक्रार जपान्यांचीही असू शकते आणि जर्मनांचीही. देशोदेशींच्या रीतीभातींचा हात दिसतो तो नव्वदातून नवात येतानाच्या उंबरठ्यावर. तो किती उंच आहे, कुणी बांधला, त्यावर कुणाला ठेच लागते, हे न बघता सरळ माणसांच्या स्वभावावर घसरणं मला आळशीपणाचं वाटतं.

जपानचा उंबरठा आधी पाहू, कारण तो सगळ्यात नीट घडवलेला आहे. हिरोयुकी निशिमुरा यांनी मे १९९९ मध्ये 'नी-चान्नेरु', म्हणजे टू-चॅनेल, हे गप्पांचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथे खातं काढावं लागत नसे. नावाचा रकाना रिकामा ठेवला की आपोआप 'नानाशी-सान', म्हणजे 'बिननावाचे राव', असं उमटायचं, आणि जवळजवळ सगळेच तो रिकामा ठेवत. नाव टाकणारा आगाऊ ठरे. एका धाग्यात, म्हणजे एका विषयावरच्या चर्चेत, १००० नोंदी झाल्या की धागा बंद. पुढे बोलायचं तर नवा उघडायचा. त्यामुळे एखाद्या धाग्यावर कुणाची मालकी तयार होत नसे. नवी नोंद पडली की धागा यादीत वर यायचा. तो वर येऊ नये असं वाटलं, तर ईमेलच्या रकान्यात 'सागे' लिहायचं. 'सागेरू' म्हणजे खाली करणं. आपलं बोलणं सगळ्या गावाला ऐकू जायला नको, एवढ्यासाठी यंत्रात ठेवलेली ही सोय. चारचौघांत आवाज चढवू नये हा शिष्टाचार तिथे एका रकान्यात बसवला होता.

जपानी विकिपीडियातही याची सावली दिसते. लेख १४ लाखांच्या वर, प्रचालक, म्हणजे कारभाराचे जादा अधिकार असलेले सदस्य, मात्र चाळीसच्या आसपास. मोठ्या विकिपीडियांमध्ये खातं न काढता केलेल्या संपादनांचं प्रमाण जपानीत वर्षानुवर्षं फार मोठं राहिलं आहे. (अलीकडे विकिपीडियाने आयपी पत्ता झाकून तात्पुरतं खातं दाखवायला सुरुवात केली आहे. नाव न सांगता लिहिण्याची मुभा कायम आहे.) आणि तरीही कारभार ढिला नाही. दुसऱ्या भाषेतून लेख अनुवादित केलात आणि 'बदलांचा आढावा' या रकान्यात मूळ लेखाचा दुवा आणि त्याच्या आवृत्तीची तारीख-वेळ टाकायची राहिली, तर तेवढ्या कारणावरून लेख वगळण्याचा प्रस्ताव येतो. नाव सांगितलं नाहीत तरी चालेल, रीत चुकलेली चालणार नाही.

आता पोर्तुगीज विकिपीडिया पाहा. तिथल्या समुदायाने ऑक्टोबर २०२० मध्ये खात्याशिवाय लेख संपादित करण्याचं दारच बंद केलं. खोडसाळपणा निस्तरण्यात वेळ जातोय, हे कारण. आता यावरून 'पोर्तुगीज स्वभाव' काढायचा म्हटला तर कुणाचा? लिहिणारे बहुतेक ब्राझीलचे, काही पोर्तुगालचे, काही अंगोला-मोझांबिकचे. भाषा एक, देश अनेक. 'राष्ट्रीय संस्कृती' हा शब्द इथेच डळमळायला लागतो.

या विषयावर लिहिणारे लोक हमखास देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणाऱ्या हॉफस्टेड यांच्या आकड्यांचा आधार घेतात. सत्ता-अंतराचा निर्देशांक, म्हणजे वरच्या-खालच्यातली दरी किती गृहीत धरलेली आहे ते: भारत ७७, जपान ५४, जर्मनी ३५. अनिश्चितता टाळण्याचा निर्देशांक: जपान ९२, जर्मनी ६५, भारत ४०. आकडे सुटसुटीत आहेत, पण ते आले आयबीएमच्या कर्मचाऱ्यांनी १९६७ ते १९७३ दरम्यान भरलेल्या प्रश्नावल्यांतून. त्या काळात आयबीएममध्ये नोकरी करणारा भारतीय आणि आज जिंतूरच्या कॉलेजात मोबाइलवर मराठी टाइप करणारी मुलगी, या दोघांना एकच ७७ लावायचं? मी हे आकडे दिशा दाखवण्यापुरते वापरतो, मोजमाप म्हणून नाही. २००६ मध्ये तिघा संशोधकांनी 'खेळ' या एकाच विषयावरचा लेख फ्रेंच, जर्मन, जपानी आणि डच विकिपीडियात कसा घडत गेला ते या निर्देशांकांशी ताडून पाहिलं होतं. कल्पना छान आहे. पण एक लेख आणि चार भाषा, एवढ्यावर फार मोठी इमारत उभी राहत नाही.

त्यापेक्षा कोरियाकडे बघितलं तर जास्त कळतं, कारण तिथे कायद्याने मध्येच हात घातला. जुलै २००७ पासून, रोज तीन लाखांहून जास्त लोक येतात अशा संकेतस्थळांना लिहिणाऱ्याची खरी ओळख निवासी नोंदणी क्रमांकावरून पडताळणं बंधनकारक झालं. २००९ मध्ये मर्यादा एक लाखावर आणली. त्या एप्रिलमध्ये यूट्यूबने पडताळणी करण्याऐवजी 'कोरिया' हा देश निवडलेल्यांसाठी व्हिडिओ चढवणं आणि प्रतिसाद देणंच बंद केलं. लोकांनी देश बदलून दुसरा निवडला आणि काम चालू ठेवलं. जुलै २०११ मध्ये 'नेट' (Nate) आणि 'सायवर्ल्ड' या कोरियन सेवांमधून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. देशाची लोकसंख्या पाच कोटी. ओळख गोळा करून ठेवायची सक्ती केली की ती एका जागी साठते, आणि साठलेलं चोरीला जातं. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ही तरतूद एकमताने रद्द केली. त्या पाच वर्षांतलं कोरियन लोकांचं ऑनलाइन वागणं पाहून कुणी 'कन्फ्यूशियन परंपरेतली संकोची माणसं' असा निष्कर्ष काढला असता, तर तो एका कलमाचा परिणाम परंपरेच्या खात्यावर जमा झाला असता.

कोरियात रीतीभाती नाहीत असं नाही. कोरियन भाषेत समोरच्याचं वय कळल्याशिवाय क्रियापदाचं रूप ठरत नाही. त्यावर तिथल्या लोकांनी दोन उलटे तोडगे काढले. विकिपीडियाच्या चर्चापानांवर सगळ्यांनी सगळ्यांशी आदरार्थीच बोलायचं आणि सदस्यनामाला 'निम' लावायचं. 'डीसी इनसाइड'सारख्या गप्पांच्या संकेतस्थळांवर मात्र सगळ्यांनी सगळ्यांना सरसकट अरे-तुरे करायचं. दोन्हीकडे वय विचारण्याची गरज संपली. आणि माहिती देण्याचं काम कोरियन विकिपीडियाच्या आधीपासून 'नेव्हर' या कोरियन संकेतस्थळाच्या प्रश्नोत्तर सेवेने पळवलं होतं, ऑक्टोबर २००२ पासून. विचारणाऱ्याने आपल्या गुणांतून 'नेगोंग' पणाला लावायचे, उत्तम उत्तर देणाऱ्याने ते घ्यायचे. नेगोंग म्हणजे मार्शल आर्टवाल्यांची आतली शक्ती. २०१५ पासूनच्या 'नामुविकी' या दुसऱ्या कोरियन कोशात तर लेखातच खोडलेल्या अक्षरांत विनोद पेरायची पद्धत पडली. तेव्हा कोरियन विकिपीडिया भाषेच्या मानाने लहान का, याचं पहिलं उत्तर 'शेजारी जास्त चांगली दुकानं होती' हे आहे.

जर्मन विकिपीडियाचा उंबरठा म्हणजे सरळ लाकडी फाटक. मे २००८ पासून तिथे 'झिख्टुंग' आहे: नव्या किंवा खातं नसलेल्या माणसाने केलेला बदल कुणीतरी अनुभवी सदस्य डोळ्यांखालून घालेपर्यंत सामान्य वाचकाला दिसत नाही. स्वतःचे बदल आपोआप दिसायला खातं ३० दिवसांचं आणि संपादनं १५० लागतात. दुसऱ्याचे तपासायला ६० दिवस आणि ३००. वाट बघावी लागते, पण पायऱ्या भिंतीवर लिहिलेल्या आहेत. कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. संबोधन सरसकट 'दू', म्हणजे अरे-तुरे, जरी बाहेर अनोळखी प्रौढाला 'झी' म्हणत असले तरी. शिवाय जर्मन लोक भेटतात. म्युनिकमध्ये ऑक्टोबर २००३ मध्येच विकिपीडियावाल्यांचा 'श्टामटिश' भरला. श्टामटिश म्हणजे गावातल्या बिअरच्या दुकानातलं नेहमीच्या मंडळींचं राखीव टेबल. ज्याच्याशी चर्चापानावर जुंपली त्याच्यासोबत महिन्यातून एकदा बसायचंय, हे माहीत असलं की लिहिण्याचा सूर बदलतो.

आणि आता माझा आवडता भाग. विकिपीडियाच्या प्रत्येक भाषेत सगळ्यांनी जमून बोलायची एक जागा असते. इंग्रजीत ती गावातला हातपंप आहे. प्रत्येक भाषेने आपापलं नाव दिलं आणि नावाबरोबर आपलं गावही आणलं. फ्रेंचांचं बिस्त्रो, इटालियनांचा बार, डचांचा दारूचा गुत्ता, फिनिश लोकांची कॉफीची खोली, इंडोनेशियाचं 'वारुंग कोपी', म्हणजे कॉफीची टपरी. चेकांचं 'लिंडनच्या झाडाखाली'. नॉर्वेची लोकसभा, 'तिंग'. कोरियनांचं 'सारांगबांग', म्हणजे जुन्या वाड्यातली यजमानाने पाहुण्यांना बसवायची खोली. जपानी 'इदोबाता', म्हणजे विहिरीचा काठ, जिथे बायका पाणी भरता भरता गप्पा मारत. आपल्याकडे तमिळने वडाचं झाड घेतलं, 'आलमरत्तडि'. कन्नडने पिंपळाचा पार, 'अरळी कट्टे'. तेलुगूने 'रच्चबंड', गुजरातीने 'चोतरो', पंजाबीने 'सथ', हिंदीने 'चौपाल', मल्याळमने 'पंचायत'.

मराठीने घेतलं 'चावडी'.

मराठीत पार होता, कट्टा होता, ओटा होता, पाणवठा होता. यातली चावडी तेवढी सरकारी. पाटील-कुलकर्णी बसायचे ती जागा. सारा भरायला, साक्ष द्यायला, हजेरी लावायला माणूस तिथे जायचा, आणि 'चावडीवर बोलावलंय' म्हटलं की पोटात गोळा यायचा. बायका तिथे बसत नसत. खालच्या मानलेल्या जातींची माणसं पायरीशी उभी राहत. आजही तलाठी सातबाराचं 'चावडीवाचन' करतो. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात गावाने एकत्र बसण्याची जागा एवढाच सरळ अर्थ असणार, त्यांना दोष नाही. पण शब्द आपलं काम करतोच. चावडीवर येणारं लेखन बघा: निवेदन, तक्रार, सूचना, विनंती, 'कौल'. 'अरे, हे कसं करतात रे?' असा प्रश्न कट्ट्यावर विचारला जातो, चावडीवर नाही.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. लेख आज एक लाखाच्या आसपास. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. मल्याळम ३ कोटी ४८ लाख, तरी त्यांचे लेख ऐंशी हजारांच्या वर. तमिळ ६ कोटी ९० लाख, आणि लेख मराठीपेक्षा बरेच जास्त. त्यात श्रीलंकेतल्या आणि परदेशी गेलेल्या तमिळांचा मोठा हात आहे. लेखांच्या संख्येवरून मात्र फार काही ठरवू नये. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेचा विकिपीडिया साठ लाखांहून अधिक लेखांसह जगात दुसरा आहे, आणि ते लेख जवळपास सगळे एका स्वीडिश माणसाच्या सांगकाम्याने लिहिलेले आहेत. (बॉटला 'सांगकाम्या' म्हणणाऱ्याला माझा नमस्कार.) तिथे नियमित लिहिणारी माणसं शंभर-दोनशे.

मराठीतला उंबरठा कशाकशाचा बनला आहे?

पहिली गोष्ट, कोश या शब्दाचं वजन. मराठीत कोश म्हटला की ज्ञानकोशकार केतकर, वाईचं विश्वकोश कार्यालय, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. म्हणजे विद्वानांनी लिहायचा, संपादक मंडळाने तपासायचा, आपण वाचनालयात बसून वाचायचा. अभिमान वाटावा अशीच ही परंपरा आहे, पण तिच्या छायेत वाढलेल्या माणसाला 'तूही लिही' म्हटलं की तो विचारतो, 'मी कोण लिहिणार?' केरळात याच्या जोडीला गावोगावची ग्रंथालय चळवळ आणि १९६२ पासूनची शास्त्र साहित्य परिषद होती. सामान्य माणसाने विज्ञानावर मातृभाषेत लिहिण्याची सवय विकिपीडियाच्या आधीची.

दुसरी गोष्ट व्याकरणाची, आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. मराठीत प्रथमपुरुषी, म्हणजे 'मी'चं, वाक्य लिहिलं की लिहिणारा पुरुष की बाई ते उघड होतं: 'मी इथे नवीन आले', 'मला वाटतं, मी बघते'. मल्याळम आणि बंगालीत क्रियापद हे सांगत नाही. खातं कितीही निनावी असो, मराठीत पहिल्याच वाक्यात निम्मी ओळख बाहेर. ज्यांना ती द्यायची नाही त्यांच्यासाठी पळवाट आहे, कर्मणी भूतकाळ: 'मी हा परिच्छेद दुरुस्त केला', 'मी संदर्भ जोडला'. क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. वर्तमानकाळ टाळायचा, 'मला असं दिसलं' म्हणायचं.

तिसरी, आदर. वृत्तपत्री मराठीत आमदार 'ते' असतात आणि फलंदाज 'तो'. 'त्याने शतक ठोकलं', 'त्यांनी उद्घाटन केलं'. हा फरक आपण श्वास घेतल्यासारखा करतो, पण कोशात लेख लिहायला बसलं की प्रश्न पडतो: अठरा वर्षांची धावपटू 'ती' की 'त्या'? निवृत्त झाल्यावर बदलायचं का? जपानी विकिपीडियाने हे मुळातच कापून टाकलं. लेख 'दे-आरु' या कोरड्या रूपात, नावांना उपाध्या नाहीत. आणि चर्चा 'देस-मास' या विनम्र रूपात. आपल्याकडे हा सांधा सैल आहे, त्यामुळे शीर्षकात 'संत', 'महाराज', 'डॉ.' हवं की नको यावरून दिवसच्या दिवस जातात, आणि नवखा माणूस नेमका तिथेच पहिलं संपादन करायला जातो, कारण त्याला ती चूक डोळ्यांत खुपलेली असते. नव्या माणसाला सांगायचं ते एवढंच: पहिला महिना थोर माणसांच्या लेखांपासून लांब राहा. धरणं, घाट, भाज्या, तालुके, कीटक. तिथे भांडायला कुणी येत नाही.

चौथी, नात्यातली संबोधनं. जुन्या सदस्याला लोक दोन महिन्यांत 'काका' किंवा 'सर' म्हणू लागतात. प्रेम खरं असतं, पण काकांनी टाकलेला सनावळीचा तक्ता चुकलाय हे पुतण्याने कसं सांगायचं? तो सांगत नाही, परत रोमात जातो. कोरियन लोकांसारखा तोडगा मराठीत शक्य आहे: सगळ्यांना 'तुम्ही', सदस्यनामाला काही न जोडता. 'आपण' नको, 'जी' नको.

आणि बाकीचा उंबरठा निव्वळ तांत्रिक आहे, ज्याचं खापर आपण उगीच स्वभावावर फोडतो. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने कॉलेजांत विकिपीडिया कार्यशाळा होतात. त्या बहुधा याच ठिकाणी अडकतात. संगणक कक्षातली सगळी यंत्रं बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्यावरून दिसतात, आणि एका पत्त्यावरून २४ तासांत सहाच खाती काढता येतात. सातव्या विद्यार्थ्याला लाल अक्षरांत नकार येतो. तो मोबाइलच्या नेटवर जातो, तर तो पट्टाच कुणाच्या तरी जुन्या खोडसाळपणापायी अडवलेला. अर्धा तास गेला, चाळीस मुलं कंटाळली, आणि शेवटी अहवालात 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अल्प'.

यावर उपाय आठवडाभर आधी करायचा असतो. मुलांना घरूनच खाती काढून यायला सांगा. किमान चार-पाच दिवस आधी, म्हणजे नव्या खात्यांवरच्या काही मर्यादाही तोवर सुटतात. ते जमण्यासारखं नसेल तर कॉलेजचा सार्वजनिक आयपी पत्ता, तारीख, वेळ आणि संख्या देऊन विकिमीडियाच्या तांत्रिक स्वयंसेवकांकडे मर्यादा शिथिल करायची विनंती नोंदवा. ऐनवेळी अडलंच, तर प्रचालकाला ही मर्यादा लागत नाही. एक प्रचालक दूरध्वनीवर हजर असला तरी तो खाती काढून देऊ शकतो. चाळीस जणांची कार्यशाळा घेऊच नये. बारा जण, दोन जाणकार, तीन तास. त्यातली पहिली वीस-पंचवीस मिनिटं फक्त टंकलेखनाला. विकिपीडियाच्या खिडकीत कंट्रोल आणि एम दाबलं की मराठी टंकन चालू-बंद होतं. अक्षरांतरण आणि इनस्क्रिप्ट यांतलं एक निवडायचं आणि दिवसभर बदलायचं नाही.

जुन्या फाइलींतून मजकूर चिकटवायचा मोह होतो, कारण प्राध्यापकांकडे स्थानिक इतिहासाची टिपणं असतात. ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत असली तर पडद्यावर खिचडी उमटते. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि रफार, ऱ्हस्व वेलांटी, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. यंत्र नेमकं तिथेच चुकतं. 'ॲ' दोन प्रकारे लिहिला जातो: एक स्वतंत्र अक्षर, आणि दुसरा 'अ'वर चंद्र देऊन. दिसायला जवळजवळ सारखे, यंत्राला वेगळे. तीच गत 'दुसऱ्या'तल्या अर्ध्या र ची. शोधात लेख सापडला नाही म्हणून 'ॲ'चा दुसरा लेख तयार होतो आणि मग कुणीतरी तो विलीन करतं. नवा लेख सुरू करण्याआधी शीर्षक दोन्ही प्रकारे शोधून बघावं.

आणि पहिल्या दिवशी नवा लेख लिहायला लावू नये, हे मी दहा वेळा सांगेन. नवा लेख म्हणजे तीन ओळी, संदर्भ नाही, अर्धा वृत्तपत्रातून उचललेला. दोन तासांत त्यावर 'पानकाढा' साचा चिकटतो. मुलीने घरी आईला दाखवायला पान उघडलेलं असतं आणि वर ती पाटी. ती परत येत नाही. त्याऐवजी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सरावाच्या पानावर, पंधरा मिनिटं गिरवा, मग आधीच असलेल्या, आपल्या तालुक्याच्या लेखात एक वाक्य आणि त्याला एक संदर्भ. ग्रंथालयातली दहा पुस्तकं टेबलावर मांडून ठेवा. पान क्रमांकासह संदर्भ देता आला पाहिजे. एवढं झालं की 'इतिहास पहा' उघडून प्रत्येकीला तिचं नाव दाखवा. सातव्या दिवशी त्या बारा जणींच्या चर्चापानांवर एकेक ओळ टाका, तिच्याच संपादनाबद्दल. तयार स्वागतसाचा नको, तो कुणी वाचत नाही.

उरलं उत्तर देणं. मराठीत अनोळखी माणसाला लेखी नकार द्यायचा म्हटला की आपल्या हातून आपोआप परिपत्रक उतरतं. चावडीची सवय. 'आपले संपादन अविश्वकोशीय असल्याने उलटविण्यात आले आहे. कृपया नोंद घ्यावी.' कुणी उलटवलं, का, पुढे काय, काहीच कळत नाही. कर्मणीमागे माणूस लपलेला. तेच असंही लिहिता येतं:

'तुम्ही तिसगाव धरणाच्या लेखात उंची टाकलीत, ती मी सध्या काढून ठेवली आहे, कारण आधीच्या आकड्यापेक्षा ती बरीच वेगळी आहे. कुठे वाचलीत? पुस्तक असेल तर नाव आणि पान सांगा, फलक असेल तर फोटो काढून ठेवा. सापडलं की परत टाकू, कसं टाकायचं ते मी दाखवेन.'